उन्हाळी बेतकरी

बेत हा शब्द मराठीत मुख्यतः जेवणाला लागतो, आणि जेवणाचा बेत सहसा तडीस जातो. वाचनाच्या बेताचं तसं नाही. मार्चअखेरीची धावपळ संपली, पाडव्याची गुढी उतरली, की एखाद्या मध्यमवर्गीय घरात, विम्याच्या एजंटाने दिलेल्या गेल्या वर्षीच्या डायरीच्या कोऱ्या पानावर पट्टीने उभ्या रेघा मारत बसलेला एक गृहस्थ दिसतो. हा उन्हाळी बेतकरी. वय पस्तिशी ते साठी, नोकरी बहुधा बँकेत नाहीतर शाळेत, स्वभाव समास सोडून लिहिण्याचा. त्याच्या यादीला चार रकाने असतात: पुस्तक, लेखक, पानं आणि शेरा. यातला शेऱ्याचा रकाना वर्षानुवर्षं कोरा राहतो, म्हणून घरचे त्याला हसतात आणि मित्र तर फारच हसतात. माझं म्हणणं एवढंच, की ही यादी कशासाठी असते ते या हसणाऱ्यांना कळलेलं नाही.

आधी यादीच बघू. तिच्या डोक्यावर ज्ञानेश्वरी असते. नऊ हजारांवर ओव्या, हातात पंचेचाळीस दिवस, म्हणजे रोजच्या दोनशे. वरच्या थोड्या राहतात त्या एखाद्या रविवारी. हिशोब इतका सुबक सुटतो, की तो सोडवल्याच्या समाधानातच पहिला दिवस जातो. गणेशवंदना दर उन्हाळ्यात अगदी मनापासून होते. अर्जुनाचा रथ मात्र त्याच्या प्रतीत अजून दोन्ही सैन्यांच्या मध्ये पोचलेला नाही. त्याखाली नेमाड्यांची 'हिंदू'. ती २०१० साली आली आणि त्याच वर्षी यादीत चढली. तिच्या नावातल्या 'समृद्ध अडगळी'चा प्रत्यय घरच्यांना रोज केर काढताना येतो. 'श्यामची आई'ला त्याने एक आठवडा दिलेला असतो. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली होती. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' चैत्रापासूनच सुरू होतं, त्यामुळे ते वेळेवर उघडलं जातं. वैशाखाच्या पानावर आमरसाचा डाग आहे. पुढचे सगळे महिने स्वच्छ आहेत.

आता हंगाम. वाचायला याहून वाईट हंगाम शोधून सापडणार नाही. लग्नसराई असते, भाचरं राहायला आलेली असतात, संध्याकाळी आयपीएल आणि दुपारी वीज जाते. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करता करता वाचू, असं त्याने ठरवलेलं असतं. पण एक डोळा कावळ्यावर ठेवून 'अमृतानुभव' वाचता येत नाही. मे महिना आणि पुस्तकं यांची सोयरीक जुळवणारा तो एकटा नव्हे, हे खरं. पाचगणीजवळच्या भिलारला सरकारने पुस्तकांचं गाव वसवलं तेही २०१७ च्या मे महिन्यातच. बेतकरी तिथेही जाऊन येतो आणि येताना स्ट्रॉबेरीचा जाम आणतो. मुद्दा असा, की या हंगामात यादी पुरी होत नाही हे वीस उन्हाळ्यांच्या अनुभवाने त्याला चांगलं ठाऊक असतं. पै-पैचा हिशोब ठेवणारा माणूस दरसाल त्याच खात्यावर तोटा सोसतो, याचा अर्थ नफा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जमा होत असला पाहिजे.

ते खातं शोधायचं तर त्याच्या उशाखाली बघावं. मे महिन्यात हा माणूस पुष्कळ वाचतो, फक्त यादीतलं वाचत नाही. गेल्या दिवाळीचे चार अंक, अगदी वार्षिक राशिभविष्यासकट, आता वाचून होतात. भाच्याच्या पिशवीतला 'फास्टर फेणे' एका बैठकीत संपतो. 'बटाट्याची चाळ' कितव्यांदा तरी निघते आणि 'आता फक्त दोन पानं' म्हणताना रात्रीचा एक वाजतो. समोर ज्ञानेश्वरीच्या दोनशे ओव्या थकल्या नसत्या, तर या पुस्तकांना ही चव आली नसती. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलेल्या रहस्यकथेची गोडी ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा भूगोल सरकार नेमत असे. आता मोठ्या वयात तो ज्याचा त्याला नेमून घ्यावा लागतो. यादी वाचण्यासाठी नसतेच, तिच्यापासून पळून दुसरं काही वाचण्यासाठी असते.

यावर कोणी म्हणेल, मग यादीचा खटाटोप कशाला, सरळ 'फास्टर फेणे'च घ्यावा. जे यादी करत नाहीत त्यांचा उन्हाळा पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. त्यांच्यावर कसलीच थकबाकी नसते, त्यामुळे ते पळतही नाहीत. मोबाइलवर अंगठा फिरवत दुपार काढतात. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: ही आत्मवंचना आहे, आणि तिच्यापायी थोर ग्रंथ धूळ खात पडतात. पण खुंटीला टांगलेल्या पंचांगातली सगळी व्रतं कोण करतं? तरी दर पाडव्याला नवं पंचांग येतंच, आणि आज काय चुकलं ते कळायला उपयोगी पडतं. शिवाय थोर ग्रंथांच्या विक्रीत न वाचणाऱ्यांचा हातभार मोठा असावा, असा मला दाट संशय आहे. हे ग्रंथ नियमित वाचणाऱ्यांवर अवलंबून राहिले असते, तर अप्पा बळवंत चौकात आज नुसती गाइडं मिळाली असती. ज्यांना यादी करून ती खरोखर पुरी करता येते, अशी माणसंही असतात, नाही असं नाही. पण त्यांच्याशी गप्पा मारून बघा.

तेव्हा अशा गृहस्थाकडे पुस्तक उसनं मागायला जाणार असाल तर पाऊस सुरू झाल्यावर जा आणि यादीतलंच मागा. ते कोरं करकरीत मिळेल, वर चहाही मिळेल. यादीबाहेरचं मात्र मागू नका. ते तो देणार नाही.