पेट्रोल, हवा आणि ठिणगी

स्कूटर सुरू होत नसेल तर तीनच कारणं असतात. पेट्रोल येत नाही, हवा मिळत नाही किंवा ठिणगी पडत नाही. चौथं कारण नाही. हे ब्रह्मज्ञान यवतमाळच्या जुन्या वस्तीतल्या कोणत्याही ओट्यावर फुकट मिळतं, आणि ते देणाऱ्याकडे स्वतःची गाडी असलीच पाहिजे अशी अट नाही. मी आमची बजाज चेतक अंगणात स्टँडवर चढवली आणि डिकीतून पाने काढले, की प्लगची टोपी निघायच्या आत गल्लीतलं कुणीतरी फाटकाशी हजर होतं. "काऊन भाऊ, काय झालं?" हा प्रश्न नसतो, हजेरी असते. उत्तराची वाट न पाहता हजर गृहस्थ पायरीवर बसतात आणि म्हणतात, "पलग पाह्यला काय?"

प्लग पाहिलेला असतोच. पण टू-स्ट्रोक गाडीचा प्लग एकट्यानं पाहायची चीज नव्हे. तो हातोहात फिरतो. तांबूस, चॉकलेटी असेल तर इंजिनाची प्रकृती उत्तम. काळा आणि ओला असेल तर तेल जास्त झालं किंवा पेट्रोल साचलं. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. मग पॉलिश पेपरनं काजळी खरवडायची, जुन्या टूथब्रशनं झटकायचं, गॅप डोळ्यानं मोजायचा, प्लग टोपीत घालून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी टचकन पडली की सगळ्या मंडळींचे चेहरे उजळतात. ठिणगी पडली म्हणजे एक कारण कटलं. उरली दोन.

चेतक १९७२ साली आली. त्याआधी बजाजचा इटलीच्या पियाजो कंपनीशी करार होता आणि तिची व्हेस्पा इथे तयार होत होती. करार संपला, गाडीनं राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेतलं. परवान्यांच्या त्या काळात नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. पोरगं बालवाडीत असताना पैसे भरावेत आणि गाडी येईपर्यंत त्याच्या मिशा फुटाव्यात, असा मामला. ज्या वस्तूसाठी माणूस एवढा थांबला, ती सुरू होत नाही एवढ्या क्षुल्लक कारणासाठी तो टाकून देणार नाही, हे उघड आहे. २००९ च्या डिसेंबरात कंपनीनं स्कूटर बनवणंच सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाही दुःख झालं नाही. कंपनीनं सोडलं असेल, आम्ही कुठे सोडलं? २०२० मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली. एमएच २९ ची पाटी लावलेली अशी एक गाडी शेजाऱ्यांकडे आहे. तिच्यात पेट्रोल नाही आणि प्लगही नाही. मंडळी तिच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि गप्प बसली. ज्या गाडीला सल्लाच देता येत नाही, तिच्याशी बोलायचं काय?

आमच्या चेतकला सुरू करण्याआधी एका बाजूला झुकवावी लागते. का, याची कारणं माणसागणिक वेगळी. कुणी म्हणतं पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरतं. कुणी म्हणतं तळाचं तेल ढवळून निघतं. वडिलांचं म्हणणं, इतक्या वजनाची वस्तू सकाळी उठताना जरा कूस बदलणारच. या तिसऱ्या कारणाला शास्त्रीय आधार नाही, पण गाडी ते ऐकून सुरू झाल्याचं मी पाहिलं आहे. आई तर अंगणात येतही नाही. स्वयंपाकघरातून किकचा आवाज ऐकते आणि सांगते, "पेट्रोल चढलं तिला. कॉक बंद कर आन् थांब जरा." कॉक बंद करून, थांबून, पुन्हा किक मारली की गाडी धूर सोडत सुरू होते. आईनं आयुष्यात कधी पाना हातात धरलेला नाही. त्यामुळेच बहुधा तिचं निदान चुकत नाही.

कार्बोरेटर हा मात्र गंभीर विषय. आमच्याकडे त्याला कार्बोटर म्हणतात आणि त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली येतो. त्यातलं जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याला केसाएवढं भोक. त्या भोकात कचऱ्याचा कण अडकला की गाडी कण्हत चालते आणि वेग दिला की बसते. भोक साफ करायला तार घालायची नाही, तारेनं ते मोठं होतं आणि गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते. फुंकर मारायची किंवा सायकलच्या पंपानं हवा सोडायची. पुसायला कापूस तर मुळीच घ्यायचा नाही, कारण त्याचा एक तंतूही जेट बुजवायला पुरतो. कापसाच्या जिल्ह्यात राहून कापसापासून चार हात दूर ठेवावी अशी ही एकमेव जागा. जुन्या धोतराची मऊ चिंधी चालते. धोतरं संपली तसे घरोघरीचे कार्बोरेटरही संपत गेले, या दोन गोष्टींचा संबंध कुणीतरी अभ्यासायला हवा.

जेट स्वच्छ झालं तरी गाडी बंद पडतच असेल, तर प्रकरण पुढच्या पायरीवर जातं. गाडी घरून नीट निघते, दोन-तीन किलोमीटर चालते, मान टाकते. थोडं थांबलं की पुन्हा चालते. एका शेजाऱ्यांची गाडी कळंबच्या रस्त्यावर अशी थांबत थांबत चिंतामणीच्या दर्शनाला पोचली आणि तशीच परत आली. टाकीचं झाकण उघडलं तेव्हा फुस्स झालं. झाकणातलं बारीकसं भोक धुळीनं बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरेल तशी वरून हवा आत यायला हवी, ती येत नव्हती, म्हणून पेट्रोलही येत नव्हतं. त्या दिवसापासून ते गृहस्थ कोणत्याही बिघाडात आधी झाकण उघडायला सांगतात. घरच्या मिक्सरबाबतसुद्धा.

रविवारचा खरा कार्यक्रम सायलेन्सर जाळण्याचा. लिटरमागे वीस मिलीच्या हिशेबानं पेट्रोलात तेल मिसळायचं, ते जळायचं आणि त्याची काजळी नळकांड्यात बसायची. मग गाडी दमेकऱ्यागत धापा टाकू लागते. सायलेन्सर सोडवून अंगणाच्या कोपऱ्यात न्यायचा आणि पऱ्हाटीच्या आगीत ठेवायचा. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली वाळकी झाडं कडकडीत जळतात. आतलं तेल पेटतं, घाण धूर निघतो, गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागतात. थंड झाल्यावर ठोकला की मूठभर कोळसा बाहेर पडतो. त्यानंतर गाडी चढणीवर अशी पळते की मागे बसलेल्याला तिच्या वयाचा संशय यावा.

केबलचं काम संयमाचं. चेतकला वेगळा सांगाडा नाही, पत्र्याचं अंगच तिचा सांगाडा, आणि केबली त्या पत्र्याच्या आतून जातात. जुनी केबल ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला बारीक तार बांधायची असते. म्हणजे तार आत राहते आणि तिच्यामागून नवी केबल ओढता येते. ज्यानं तार बांधली नाही, त्याची संध्याकाळ बॅटरी तोंडात धरून पत्र्याच्या भोकात डोकावण्यात जाते. गिअरच्या दोन केबली ढिल्या झाल्या की हँडलवर दोनचा आकडा दिसतो आणि आत काय पडलं असेल ते इंजिनालाच ठाऊक. चाकाचं तसं नाही. रिम दोन अर्ध्या वाट्यांचं, बोल्टांनी जोडलेलं, पुढचं-मागचं चाक आणि स्टेपनी एकाच मापाची. पंक्चर घरी निघतं. फक्त वाट्या सोडण्याआधी हवा काढायची, नाहीतर हवा स्वतःच निघते आणि वाट्यांनाही सोबत नेते.

हा सगळा खटाटोप इथे रुजला तो स्कूटर यायच्या कितीतरी आधी, बैल आणि बंडीच्या संगतीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तूप लावून शेकतात, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतणही देतात. बंडीच्या आखाला ओंगण द्यायचं ते कुरकुर ऐकू येण्याच्या आधी. सर्व्हिसिंगचं पुस्तक छापून यायच्या आधी सर्व्हिसिंग होतं ते असं. आता खेड्यातल्या गाड्यांची खरी परीक्षा पावसाळ्यात. पांदणीतली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी दाटते की चाक फिरायचं थांबतं. मग तुराटी मोडून घ्यायची आणि माती खरवडायची. हे अवजार कंपनीच्या टूलकिटमध्ये नव्हतं, बांधावर मात्र मिळतं. पुढे दसरा येतो. धुतलेल्या गाडीला झेंडूचा हार आणि पान्या-पकडींना हळदकुंकू. वर्षभर "पुढच्या रविवारी" म्हणून ठेवलेली कामं एका सकाळी होतात, कारण अर्धवट खोललेल्या गाडीची पूजा करता येत नाही.

आमच्याकडच्या आगगाडीचंही तेच. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणाऱ्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं होतं. त्यानं सत्तर वर्षांहून अधिक काळ ती अरुंद मार्गावरची गाडी ओढली आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये डिझेल इंजिनाला जागा दिली. मँचेस्टरहून सुटे भाग मागवून कुणी ते इतकी वर्षं चालवलं असेल, हे आमच्या पायरीवरच्या मंडळींना मान्य नाही. त्यांच्या मते त्यातही तीनच कारणं असणार. कोळसा, पाणी आणि हवा.

तीन कारणांच्या या शास्त्राची अडचण एकच. ते स्कूटरपाशी थांबत नाही. नळाला पाणी आलं नाही, तर पाइपात हवा धरली. पोरगा दहावीत अभ्यास करत नाही, तर ठिणगी नाही, बाकी माल चांगला आहे. पायरीवरच्या एका काकाजींना डॉक्टरांनी तेल कमी खायला सांगितलं, तर त्यांनी दोन टक्क्यांचा हिशेब मांडला. "त्याच्या खाली गेलं की इंजिन जाम होते ना बाप्पा!" डॉक्टर म्हणे हसले नाहीत. त्यांच्याकडे बहुतेक चारचाकी असावी.

पण काकाजींची शेती आहे, कोरडवाहू. जूनमध्ये पेरणी केल्यावर पाऊस किती दिवसांचा खंड पाडेल, बोंडअळी येईल का, दिवाळीनंतर कापसाला काय भाव मिळेल, यांतलं काहीही कोणत्या पान्यानं सैल-घट्ट होतं हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. दाखवणारं कुणी भेटलं असतं तर ते आमच्या पायरीवर इतका वेळ बसले नसते. ज्या माणसाच्या वर्षाचा हिशेब आभाळात आणि बाजारात ठरतो, त्याला बिघाड झाला तर कारण सापडतं आणि कारण सापडलं तर उपाय हाताशी असतो, असं एक तरी यंत्र जवळपास लागतं. ते स्वतःचं नसलं तरी चालतं.

म्हणून मी त्यांना उठा म्हणत नाही. कार्बोरेटर बसवून झालं की हवेचा स्क्रू पूर्ण आवळायचा आणि मग दीड आटा मागे घ्यायचा, असं माझं मत आहे. काकाजी दोन आटे म्हणतात. मी दीडवर ठेवतो, ते उठून येतात, अर्धा आटा फिरवतात, कान देऊन ऐकतात आणि समाधानानं जागेवर जातात. गाडी दीडवरही चालते आणि दोनवरही चालते. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, पण वाद मिटवायची घाई कुणालाच नाही.