स्क्वेअरवन काका

तुमच्या सोसायटीतही एक असतीलच. आमचे दुसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहतात. लिफ्ट मध्येच अडकून परत खाली आली, "बॅक टू स्क्वेअर वन!" कामवाल्या बाईंनी काम सोडलं, "बॅक टू स्क्वेअर वन!" पुनर्विकासाचा तिसरा बिल्डर पळाला तेव्हा सगळे सभासद कपाळाला हात लावून बसले होते. काकांना मात्र वाक्य टाकायला जागा मिळाल्याचा आनंद लपवता येईना.

नुसतं वाक्य असतं तरी सोसलं असतं. पण मागोमाग इतिहास येतो. २२ जानेवारी १९२७. लंडनचं हायबरी मैदान, आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. बीबीसीवर फुटबॉलचं पहिलं धावतं वर्णन. ऐकणाऱ्यांना चेंडू कुठे आहे ते कळावं म्हणून 'रेडिओ टाइम्स'ने मैदानाचे आठ चौकोन पाडून नकाशा छापलेला. वेकलम नावाचे गृहस्थ खेळ सांगायचे, दुसरा माणूस चौकोनाचा आकडा. "चेंडू मागे आला की स्क्वेअर वन! कळलं?" मला हे जिन्यात कळलंय, गच्चीत कळलंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत कळलंय.

"काका, आपल्याकडे आहे की. ये रे माझ्या मागल्या. पहिले पाढे पंचावन्न."

"त्यात चौकोन कुठाय?"

"मग पुनश्च हरिओम म्हणा. टिळकांनी १८९९ मध्ये 'केसरी' परत हाती घेतला, तेव्हाच्या अग्रलेखाचं नाव."

"ते ठीक. पण मॅच कोणती?"

शेवटी चिडून मीच शोधाशोध केली. १९५२च्या छापील मजकुरात हा वाक्प्रचार सापडतो, आणि तिथे फुटबॉल नाही, सापशिडी आहे! आणि सापशिडी म्हणजे आपलाच मोक्षपट, इथूनच विलायतेला गेलेला. काकांना गिळायला हा साप मी वार्षिक सभेसाठी राखून ठेवला.

सभेच्या आधी काकांचा गुडघा बदलला.

त्यांच्या उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत आठ फरश्या आहेत. रोज सकाळी वॉकरची ठकठक आणि काकूंचा आवाज, "सावकाश, सावकाश." पहिल्या दिवशी ते तिसऱ्या फरशीवरून परतले. एकदा पाचवरून. तोंडातून वाक्य नाही. जिना इतका शांत झाला की मला पेपर वाचवेना.

परवा ठकठक लांबली म्हणून दार उघडलं. काकांनी लिफ्टच्या दाराला हात लावला, वळले, आणि घामाने भिजलेले उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. "बॅक टू स्क्वेअर वन!" मग आशेने माझ्याकडे बघत राहिले.

आता काय करणार? म्हटलं, "म्हणजे काय हो, काका?"

काकूंनी खुर्ची आणून दिली. मॅच पंचवीस मिनिटं चालली.