टाळी कुणाची धरायची?

‘मी काय अलिबागहून आलोय?’ असं मुंबईकर ठसक्यात विचारतो, तेव्हा मला कुलाबा वेधशाळेचे एकेकाळचे संचालक नानाभॉय मूस आठवतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकसूच्या बिथरणार, हे ओळखून या गृहस्थांनी चुंबकीय नोंदींचं बिऱ्हाड हलवलं ते थेट अलिबागला. ट्राम धावली १९०७ साली. मूस त्याआधीच तयार होते.

शिवाय त्यांनी घाई केली नाही. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे नोंदी एकदम चालू ठेवल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट सांधता यावी. त्यात सूर्याचीही मदत. चुंबकीय वादळ अचानक सुरू झालं की जगभरच्या आलेखांवर जवळपास एकाच वेळी झटका उमटतो. दोन आलेख जुळवायला सूर्यानं वाजवलेली टाळीच ती!

देवळातलं भजन दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रित करताना ही सोय नाही. एक रेकॉर्डर बुवांपुढे, दुसरा पखवाजापाशी. टाळी आपणच वाजवायची. मग घरी संगणकावर टाळीचा सुळका सुळक्याखाली आणून बसवायचा. रूपाच्या अभंगापर्यंत संसार सुखाचा. गौळणीला कुरबुर सुरू होते आणि भैरवीला पखवाजाची प्रत्येक थाप दोनदा पडते.

दोष रेकॉर्डरचं घड्याळ चालवणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकाचा. सेकंदाला ४८,००० नमुने घेतो असं दोन्ही यंत्रं छातीठोकपणे सांगतात, पण सेकंद ज्याचा त्याचा. एक स्फटिक दहा लाखांत वीसनं पुढे, दुसरा तितकाच मागे असला, तर दोन तासांच्या भजनात पाव सेकंदाहून जास्त फाटतं. त्यात एक यंत्र समईशेजारी तापलेलं आणि दुसरं पंख्याखाली, मग तर बघायलाच नको. टाइमकोडनं किती वाजले ते कळतं, चाल सुधारत नाही. चालीसाठी वर्ड क्लॉक लागतं: एका यंत्रानं ठेका द्यायचा, बाकीच्यांनी स्वतःचं घड्याळ गुंडाळून तो मुकाट पाळायचा. स्टुडिओत हे केबलनं जमतं. देवळात केबल टाकली, तर प्रसादाला धावणारं पहिलंच पोर तिच्यात पाय अडकवतं. म्हणून शेवटीही एक टाळी वाजवायची आणि मधला ऐवज जरासा ताणून बसवायचा.

दुसऱ्याचा ठेका पाळणं यंत्रांनाच जड जातं असंही नाही. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, म्हणजे मूस यांची दोन्ही ठाणी चालू असतानाच. मुंबई मात्र पुढे १९५५पर्यंत एकोणचाळीस मिनिटं मागची आपली वेळ सांभाळून होती. अलिबागकरांना नावं ठेवणारी हीच ती मुंबई.

आमच्या बुवांना मी हे सगळं स्फटिकासकट समजावलं आणि न जुळवलेली भैरवी ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. म्हणाले, “दोन पखवाज वाटतात ना? मग राहू द्या तसंच. यंदा कोरसला माणसं कमीच होती.”