पेपे घराण्याच्या वारसांना खुलं पत्र

पेपे घराण्याच्या वारसांनो,

तुमचे पूर्वज विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांनी जानेवारी १८९८ मध्ये पिपरहवाचा स्तूप उकरला. आज ते ठिकाण उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे. आत दगडी पेटी निघाली, पेटीत कलश, कलशांत अस्थी आणि त्यांच्यासोबत रत्नं. एका कलशावर ब्राह्मी लिपीत स्पष्ट कोरलेलं होतं, हे शाक्यांच्या भगवान बुद्धांचे अवशेष आहेत. हे ठाऊक असूनही तुम्ही त्या रत्नांना हाँगकाँगचा बाजार दाखवलात.

सोदबीजचा लिलाव ७ मे २०२५ ला ठेवला होता. पाचच दिवसांवर बुद्धपौर्णिमा होती. इथे ताडकळसला आम्ही खीरदानाची तयारी करत होतो आणि तिकडे तुम्ही दान विकायला काढलं होतं. मोती, पोवळी, स्फटिक, सोन्याच्या पातळ पत्र्यांवरचे ठसे, नखाएवढी कोरलेली फुलं! कुणीतरी डोळ्यांत तेल घालून ती घडवली आणि अस्थींपाशी ठेवली, ती परत घेण्यासाठी नव्हे.

हे देहावशेष नाहीत असं बौद्धांचंच मत आहे, असं तुमच्यातर्फे सांगण्यात आलं. कोणत्या बौद्धांना विचारलंत? सहा डिसेंबरच्या आधी आमच्या पूर्णा जंक्शनवर येऊन बघा. लेकरू कडेवर घेऊन, गर्दीत रेटारेटी सोसत दादरला निघालेल्या बाईला विचारा. चैत्यभूमीवर माथा टेकताना अस्थी कुठे संपल्या आणि कलश कुठे सुरू झाला, याचा हिशेब ती करत नाही. श्रद्धेची अशी फोड फक्त विकणाऱ्यालाच सुचते.

आणि मालकी कसली सांगता? १८७८ च्या भूमिगत धन कायद्याचा आधार घेऊन इंग्रज सरकारने त्या सगळ्यावर हक्क सांगितला. अस्थी सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांना दिल्या, बहुतेक रत्नं कोलकात्याच्या इंडियन म्युझियमकडे गेली, आणि एकसारख्या नगांच्या नावाखाली सुमारे पाचवा हिस्सा तुमच्या पूर्वजांकडे राहू दिला. सरकारने हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं, आणि त्या तुळशीपत्रालाच तुम्ही सातबारा समजलात. सव्वाशे वर्षं जपलं म्हणता, तेही मान्य. पण जागल्याने रात्ररात्र राखण केली म्हणून शेत त्याच्या नावावर होत नाही.

५ मेला भारताच्या सांस्कृतिक मंत्रालयाने कायदेशीर नोटीस पाठवली आणि लिलाव पुढे ढकलला गेला. तेव्हा वाटलं होतं, आता तरी तुम्ही म्हणाल, घ्या, तुमचं तुम्हाला. तसं काही झालं नाही. जुलैअखेर रत्नं भारतात आली, ती गोदरेज समूहाने विकत घेतली म्हणून. घेणाऱ्याचे आभारच मानायला हवेत. पण दाम मोजल्याशिवाय तुमची मूठ सुटली नाही, हे आम्ही विसरणार नाही.

याआधीही हेच झालं. २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा आणि चपला लिलावात निघाल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, तरी विक्री झालीच आणि एका भारतीय उद्योगपतीने १८ लाख डॉलर मोजले. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून आणायला महाराष्ट्र सरकारला ४७ लाख १५ हजार रुपये खर्चावे लागले. १९७२ चा आपला पुरावशेष कायदा वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन घालतो. पण त्याच्या कितीतरी आधी गेलेल्या वस्तू त्याच्या कचाट्यात सहजी सापडत नाहीत, म्हणून दर वेळी खिशात हात घालायची पाळी आपल्यावरच येते. आपलंच आपण किती वेळा विकत घ्यायचं?

म्हणून आमचं मागणं ऐका. या सौद्यात मिळालेली रक्कम पिपरहवाच्या स्तूपासाठी आणि तिथे येणाऱ्या उपासकांच्या सोयीसाठी द्या. तुमच्या घरात त्या उत्खननाचे जे कागद, फोटो, नोंदी असतील, त्या किंमत न सांगता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या हवाली करा. आणि तुमच्यासारख्या ज्या घरांत आमच्या स्तूपांतलं, लेण्यांतलं, देवळांतलं काही पडून असेल, त्यांना सांगा, लिलावगृहाआधी भारतीय वकिलातीचं दार ठोठवा. दान विकून मोकळे झालात, त्याचं प्रायश्चित्त दानानेच होईल.

ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी इथला
एक उपासक