गॅलरीकर

सदाशिव पेठेतून कोथरूडला आलेला असो की गिरगावातून डोंबिवलीला, आडनाव जोशी असो की आणखी काही, या गृहस्थाला मी गॅलरीकर म्हणतो. याच्या घरात अंडं चालत नाही. गॅलरीत चालतं. गॅलरी घरातच मोडते, हा मुद्दा आजवर कोणी काढलेला नाही. काढला तर निकाल आईंकडे जाईल, आणि आईंनी निकाल दिला की गॅलरीही जाईल.

सुरुवात नेहमी डॉक्टरांपासून होते. पन्नाशीत पायाला मुंग्या येतात, रक्त तपासलं जातं आणि रिपोर्टात बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं सापडतं. पिढ्यान्‌पिढ्या वरणभात-मेतकुटावर पोसलेल्या घरात याचं फारसं नवल नाही. डॉक्टर इंजेक्शनं लिहून देतात आणि पेशंट उठत असताना म्हणतात, "अंडं खात असाल तर खा." गॅलरीकर घरी येऊन सांगतो, "डॉक्टरांनी अंडं कंपल्सरी केलंय." एका अंड्यात बी-ट्वेल्व्ह जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम आणि दिवसाची गरज दोनाच्या वर, हेही तो वाचून काढतो. दुसऱ्या कोणी इंजेक्शनवर भागवलं असतं. हा त्यातून रोजच्या चार अंड्यांचा हिशेब मांडतो. बायको तो दोनावर आणते. तिचंही गणित कच्चं नाही.

आईंसाठी गांधीजी लागतात. एरवी गॅलरीकराचं आणि गांधीजींचं फारसं जमत नाही, पण 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, ते याला अचानक प्रमाणग्रंथ वाटू लागतं. ज्याला दूध चालतं त्याला निर्जीव अंड्याचीही हरकत नसावी, अशा अर्थाचं त्यात आहे. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, पोल्ट्रीतली अंडी तसलीच, सबब अंडं हे दुधाच्या लाइनीत. "आणि आई, आगाखान पॅलेस म्हणजे आपला नगर रोडचा," हे तो आवर्जून सांगतो; मान्यता पुण्यातूनच मिळाल्यासारखी. आई सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "ते स्वतः खायचे का रे?"

नव्हते खात. गॅलरीकर गप्प बसतो.

"मग तिकडे बाहेर काय करायचं ते कर. माझ्या ओट्याला लावू नकोस."

झालं, संस्थान मिळालं. वॉशिंग मशीन आणि गुलाबाच्या कुंड्या यांच्यामध्ये स्टूल, स्टुलावर कॉइलची शेगडी, शेगडीवर पोचे आलेलं जर्मनचं पातेलं. पकड वेगळी. दांड्याला लाल दोरा बांधलेला चमचा वेगळा. मिठाची डबीसुद्धा वेगळी, कारण अंड्याचा हात लागलेलं मीठ आत नेता येत नाही. आत ज्याला स्वतःचा चहाचा कप सापडत नाही, तो बाहेर या सहा-सात वस्तूंची जागा इंचभरही हलू देत नाही.

विधी आंघोळीनंतर. अंड्यांवर आणल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहिलेली असते. आठवडा झाल्याशिवाय अंडं पातेल्यात पडत नाही. ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड जास्त, त्यामुळे उकडल्यावर पांढरं आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं. दिवस जातील तसा तो वायू टरफलाच्या बारीक छिद्रांतून निघून जातो आणि अंडं सुटसुटीत सोललं जातं. शास्त्र बरोबर आहे. पण कोणी गावाहून कौतुकाने सकाळची गावरान अंडी आणून दिली, तर त्या माणसासमोर "ठेवा, मुरू देत" असं म्हणायचं नसतं, एवढं शास्त्र त्याला कळत नाही.

पाणी अंड्यांवर बोटभर. आधी पाण्याला उकळी, मग लाल दोऱ्याच्या चमच्याने अंडी अलगद आत. फ्रिजमधून काढून थेट टाकायची नाहीत. आतली हवा एकदम फुगते आणि टरफल तडकतं. म्हणून जाड टोकाला, जिथे हवेची पोकळी असते तिथे, टाचणीने एक भोक. बलक ओलसर हवा असेल तर सात मिनिटं, डब्यात न्यायचं असेल तर बारा. या वेळात गॅलरीच्या दाराशी जायचं नाही. गेलात की लगेच ऐकावं लागतं, "पुण्याचं पाणी शंभराला उकळत नाही बरं का, अठ्ठ्याण्णवला उकळतं." उंचीमुळे ते खरंही आहे, पण सांगण्याचा सूर असा, की शंभराला उकळणं हे मुंबईकरांनाच शोभतं. महाबळेश्वरला साडेचार हजार फुटांवर पाणी आणखी लवकर उकळतं, म्हणजे अंड्याला जास्त वेळ द्यावा लागतो. हे त्याने तिथल्या एका हॉटेलच्या आचाऱ्याला समजावून सांगितलं होतं. आचाऱ्याने ऑम्लेट आणून दिलं.

सात मिनिटं झाली की अंडी माठातल्या गार पाण्यात. मग जाड टोकाला एक टिचकी, तळव्याखाली हलकेच एक फेरा, आणि पाण्यात बुडवूनच सोलणं. अंगठा पापुद्र्याखाली गेला की अर्धं टरफल एका दमात निघतं. त्या क्षणी त्याचा चेहरा बघावा; मुलीच्या लग्नातही तो इतका समाधानी नव्हता. लग्नाच्या किंवा प्रवासाच्या डब्यातलं अंडं मात्र तो आधी कापून तपासतो. बलकाभोवती हिरवट कडा दिसली की संपलंच. जास्त उकडलं की पांढऱ्यातला गंधक बलकातल्या लोहाला भेटतो आणि ती कडा धरते. खायला काहीच हरकत नसते. गॅलरीकराची असते. "बाटवलं," एवढंच म्हणून तो ते दुसऱ्याच्या ताटात ढकलतो.

पेपरात सोन्याच्या खालोखाल तो अंड्यांचा शेकड्याचा भाव बघतो. तो भाव सुचवणाऱ्या अंडी समन्वय समितीचं, रविवार-सोमवारच्या जाहिरातीवाल्या त्याच समितीचं, मुख्यालय पुण्यात आहे, ही गोष्ट त्याच्या बोलण्यात कुठूनही येऊ शकते. श्रावणात मात्र पातेलं घासूनपुसून पालथं. तिथे आईंना बोलायला जागाच ठेवत नाही.

टरफलांचा प्रश्न मोठा होता. पूर्वी ती पेपरात गुंडाळून, ऑफिसच्या बॅगेतून दोन गल्ल्या पलीकडच्या कचराकुंडीत जात. हल्ली ती वाळवून, कुटून गुलाबाच्या मुळाशी जातात. फुलं टपोरी येतात. आई रोज सकाळी त्यातलं एक दत्ताला वाहतात आणि "यंदा माती चांगली लागलीय" म्हणतात. मातीत काय आहे हे त्यांना माहीत नसेल, असं मला तरी वाटत नाही.

माझ्या पाहण्यातल्या एका गॅलरीकरांकडे कोल्हापूरची सून आली. तिला या सरहद्दीचं भारी नवल. "बाबा, आत गॅसवरच उकडा की. मी काय म्हणणार नाही, आजीही काही म्हणायच्या नाहीत आता." आजी खरंच काही म्हणाल्या नाहीत. हेच दचकून म्हणाले, "आत? फोडणीच्या वासात?"

पुढे आषाढी आली. कुकरात रताळी होती, सगळी भांडी अडकलेली, म्हणून पोरीने खिचडीचे बटाटे गॅलरीतल्या पातेल्यात लावले. आजी बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, एकादशीचे बटाटे अंड्याच्या पातेल्यात?" तोवर हे आंघोळ करून आले. पाण्यावर तरंगणारी मातकट सालं बघून टॉवेलवरच थिजले. "अंड्याच्या पातेल्यात बटाटे?"

घरात त्या दोघांचं एकमत झालेलं त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. बटाटे कामवाल्या मावशींनी नेले, पातेलंही त्यांनीच नेलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीकर तुळशीबागेतून नवं जर्मनचं घेऊन आले. पैसे आजींनी आपल्या बटव्यातून दिले.