दरडीपुढचे दहा कॅमेरे

जुलैची सकाळ, पावसाची नुकतीच उघडीप. रस्त्यासाठी कापलेल्या तांबड्या दरडीत लिंबाएवढं एक बीळ. समोर दहा माणसं, दहा ट्रायपॉड, प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या लांबलचक लेन्सा. बिळापुढे कोणीतरी शेवाळलेली काटकी रोवलेली, आणि काटकीवर तिबोटी खंड्या. चोचीत सापसुरळी. सगळे कॅमेरे एकदम कडकडले. पक्षी हलला नाही. शेजारचा कुजबुजला, ‘काय छान बसून देतोय!’

तो बसून देत नव्हता. त्याला आत जाता येत नव्हतं.

त्या दहांत मी होतो. फोटो उत्तम आला. तो मी कुठेही टाकला नाही आणि टाकणारही नाही. मुरुड तालुक्यातली ती दरड नेमकी कुठली, तेही लिहिणार नाही.

तिबोटी खंड्या हा आपल्या रायगडचा जिल्हा-पक्षी. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून लहान. वजन १५ ग्रॅमच्या आसपास. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. पोवळ्यासारखी चोच, हळदी पोट, डोक्यावर जांभळी झाक, पंख काळेनिळे. पावसाळी हिरव्यात असा रंग दिसला की माणूस वेडा होतो, हे मला कोणी सांगायला नको. मृगाच्या सरींबरोबर तो कोकणात घर करायला येतो. ओढ्याकाठच्या नाहीतर रस्त्याकडेच्या मातीत बीळ कोरतो. नर-मादी दोघं अंडी उबवतात, दोघं पिल्लांना भरवतात. नावात खंड्या असला तरी माशांवर त्याचं घर चालत नाही. पाली, सापसुरळ्या, बेडूक, कोळी, छोटे खेकडे, जे मिळेल ते. पिल्लं बिळात असतात ती जेमतेम तीन आठवडे. या तीन आठवड्यांतल्या शनिवार-रविवारी आपण तिथे असतो.

या पक्ष्याचे नावाजलेले फोटो पुन्हा एकदा नीट पाहा. बहुतेकांत चोचीत भक्ष्य आहे. भक्ष्याचं डोकं कुठे आहे ते बघा. खंड्या स्वतः गिळणार असेल तर डोकं घशाकडे असतं. पिल्लाला द्यायचं असेल तर बाहेर, चोचीच्या टोकाकडे, म्हणजे पिल्लाला डोक्याकडून गिळता येतं. डोकं बाहेर आणि पक्षी फांदीवर खिळलेला, असा फोटो दिसला की समजा, जवळपास बीळ आहे, बिळात भुकेली पिल्लं आहेत. आणि समोर कोण उभं होतं, तेही समजा. अशा फोटोखाली पाचशे लाइक पडतात. ‘फीडिंग शॉट’ म्हणून त्याचं कौतुक होतं. भरवणं मात्र त्या फोटोत कुठेच नसतं. भरवणं खोळंबलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटा गेलो, दुसऱ्या एका बिळाकडे. ओढ्याच्या पलीकडे, बऱ्याच लांब, कुड्याच्या झुडपाआड बसलो. कॅमेरा पिशवीतच ठेवला, दुर्बीण काढली. खंड्या आला, फांदीवर टेकला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि सुर्रकन आत. मनात दहा आकडेही मोजून झाले नाहीत. पुन्हा बाहेर, पुन्हा शिकार, पुन्हा आत. दरडीपुढे मात्र आम्ही त्याला दर फेरीला कितीतरी वेळ रोखून धरत होतो. पावसाळ्यात उघडीप असते थोडी, शिकार मिळते त्या उघडिपीत, आणि आम्हांला प्रकाशही नेमका तेव्हाच हवा असतो.

बाकीचे उद्योगही सांगतो, कारण ते आमच्यातल्या आमच्यात राहतात. बिळासमोरचं गवत ‘फ्रेममध्ये येतं’ म्हणून उपटलं जातं. त्या गवतानेच तर बीळ झाकलेलं होतं. घोरपड, धामण, मुंगूस यांना आता वाट मोकळी. पक्षी नेहमी बसतो ती फांदी दिसायला बरी नसते, म्हणून ती मोडायची आणि शेवाळलेली आणून रोवायची. ढगाळ असलं की फ्लॅश मारायचा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं; त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, तो पिल्लं सोडून भांडायला येतो. हे करणारी माणसं दुष्ट नाहीत. पहाटे तीनला उठून मुंबईहून येतात, पक्ष्यांवर त्यांचा जीव आहे. म्हणून तर राग येतो.

‘घरट्यांचा अभ्यास करायचाच नाही का मग?’ एक मित्र चिडून म्हणाला. करायचा ना. याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, सालिम अलींनी १९३०मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. शिडीवर कापडाचा आडोसा करून ते आत बसले, नोंदी करत राहिले. त्यातून सगळ्यांना कळलं की घरटी नर बांधतो, मादी ती पारखते, आणि तिने एक पसंत केलं की नर दुसरं बांधायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हे आधी असं उलगडलेलं नव्हतं. तिबोटी खंड्या सापसुरळी घेऊन फांदीवर बसतो, हे मात्र हजारो फोटोंनी सांगून झालंय. माझ्या त्या फोटोने ज्ञानात काडीची भर घातली नाही. पिल्लांची एक फेरी मात्र चुकवली.

आता कायद्याकडे. मुरुडच्या माणसाला हे जास्त लागायला हवं. फणसाडचं जंगल ही जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची राखीव जागा. संस्थानं गेली, बंदुका गेल्या, १९८६मध्ये अभयारण्य झालं. शेकरू, सांबर, भेकर, बिबट्या तिथे अजून टिकून आहेत, त्याचा आपण अभिमान मिरवतो. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या काढून वाचा. जनावर मारणं एवढीच ती नाही. पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणं, हेही तिथे शिकारीतच धरलंय. गवत उपटणारा हात, फांदी मोडणारा हात, बिळासमोर तासन् तास ठाण मांडणारा माणूस या व्याख्येपासून किती लांब आहे, ते ज्याने त्याने पाहावं. नवाबाच्या पाहुण्यांनी जंगलात हाकारे घातले असतील. घरट्यापुढे जत्रा मात्र आपण भरवली.

आणि जत्रा भरते एका निरोपाने. ‘स्पॉट टाक ना.’ ग्रुपवर नकाशाची खूण पडते आणि दोन दिवसांत दरडीपुढे गाड्यांची रांग. पक्षीनोंदींचं ई-बर्ड नाजूक जातींच्या नेमक्या जागा झाकून ठेवतं, आयनॅचरलिस्टही धोक्यातल्या जातींची खूण मुद्दाम धूसर करतं. यंत्राला शिकवलेला हा सभ्यपणा माणसाला जड का जावा? कोणी स्पॉट मागितला तर ‘नाही सांगणार’ म्हणायला मी आता शिकलोय. दोन मैत्र्या तुटल्या. तुटू देत.

गावातल्या पोरांवर याचं खापर फोडणं मला मान्य नाही. बीळ दाखवायचे पैसे मिळतात म्हणून ती दाखवतात. पावसाळ्यात पर्यटक कमी, होड्या शाकारलेल्या, हाताला दुसरं काम काय? मागणी आपली आहे. तेवढेच पैसे देऊन आपण म्हणू शकतो, बीळ नको, रात्री बेडूक दाखव, ओढ्यातले खेकडे दाखव, गारंबीचा तो जाडजूड वेल दाखव, वाडीतली भूछत्रं दाखव. त्या पोरांना आपल्याहून कितीतरी जास्त ठाऊक असतं. अळंबी कुठल्या वारुळावर उगवते आणि कुठल्या पावसानंतर, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ती वाळवीनेच पोसलेली बुरशी असते, देठ खाली थेट वारुळात उतरलेला असतो, म्हणून खणायचं नाही, हेही तेच सांगतात.

भूछत्रांच्या बाबतीतही आमचे हात शिवशिवतात. ओंडक्यावरचं भूछत्र उपटून हिरव्यागार शेवाळावर उभं करतात, वर पाण्याचे थेंब शिंपडतात. फोटो सुंदर, आणि अभ्यासाला निरुपयोगी. बुरशी ओळखायची तर ती कशावर उगवली होती हे आधी लागतं: जिवंत झाड, मेलेलं लाकूड, शेण, पालापाचोळा की वारूळ. मग खालची बाजू, तिथे पडदे आहेत की बारीक छिद्रं. मग देठाचा बुडखा. वरून काढलेली नुसती टोपी पाहून जाणकारही हात टेकतात. न उपटता खालची बाजू हवी असेल तर मोबाइल जमिनीला टेकवून वर धरा, नाहीतर दोन बोटांत मावणारा छोटा आरसा खाली सरकवा. दोन मिनिटांचं काम.

अशा साध्या, नीट फोटोचं मोल किती, त्याचं उदाहरण फार लांबचं नाही. १९ जून २०२३. कर्नाटकात कारकळजवळच्या माळा गावात, रस्त्याकडेच्या डबक्यात काही निसर्गप्रेमी मित्र बेडूक बघत होते. एका जिवंत बेडकाच्या कुशीतून इवलंसं भूछत्र उगवलेलं. त्यांनी फोटो काढले आणि बेडूक तिथेच राहू दिला. फोटो पाहून बुरशीच्या जाणकारांनी ते मायसीना प्रजातीतलं असल्याचं सांगितलं. ही बुरशी एरवी कुजक्या लाकडावर दिसणारी. २०२४मध्ये ती नोंद शास्त्रीय नियतकालिकात आली आणि जगभर गाजली. त्या टिपणाचा सगळा आधार म्हणजे हौशी नजरेने टिपलेले ते फोटो.

मुंबईत २०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीला खडकांत वाकून समुद्री गोगलगायी, प्रवाळ, खेकडे टिपताहेत. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या या कामामुळे, ज्या किनाऱ्याकडे आपण फक्त कचरा म्हणून पाहत होतो, तिथल्या शेकडो जिवांची नोंद झाली. मुरुडचे खडक त्याहून स्वच्छ आहेत. ओहोटीचं वेळापत्रक आपल्याकडे कोळणीला विचारलं की मिळतं. मग आपण थंडीत पुळणीवर कुरवांना गाठीशेव फेकून उडते फोटो काढत का बसतो? तळलेलं बेसन हे काही त्या पाखराचं खाणं नव्हे.

माझं आता एक ठरलंय. ओळखीच्या एका वाडीत ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात उन्मळलेला आंबा आहे. वाडीवाल्या आजोबांनी फांद्या तोडून नेल्या, बुंधा तसाच पडून. दर श्रावणात मी त्याचे फोटो काढतो, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, वहीत तारीख टाकून. आधी सालीवर बारीक पांढरे पंखे आले. मग लाकडाला घट्ट चिकटलेले तपकिरी कंगोरे. गेल्या वर्षी साल सुटली आणि मानवी कानासारखी, बोटाला थंड लागणारी बुरशी फुटली. यंदा बुंध्याच्या खालच्या अंगाला नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्यांची दाटी आहे, आणि त्यांच्यात एक सापसुरळी राहायला आलीय.

आजोबा विचारत होते, बुंधा आता चुलीत घालू का. मी म्हटलं, अजून दोन पावसाळे राहू द्या. ते म्हणाले, ‘ठेव. पण त्या पाखराला सांगू नको सापसुरळी कुठंय ते.’ ओढा वाडीच्या मागेच आहे. पाखराला ठाऊक असणारच. मी उठलो, तिपाई घडी केली आणि ओढ्याची बाजू सोडून पुढच्या वाटेने निघालो.