म्हशीकडूनही थोडा आशीर्वाद

देवाची कृपा गोठ्यात रोज उतरते, असं कृषी पर्यटनाला जाऊन आलेली मंडळी सांगतात. ती बहुधा नाश्त्यानंतर उतरते. पहाटे शेण काढायच्या वेळी तिथे घरची बाई एकटीच असते, आणि तिला कृपा बघायला सवड नसते.

शिवाय कृपेतही प्रतवारी आहे. २०२४ साली राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं. म्हशीला मावशीपणही मिळालं नाही. डेअरीत फॅटवर दर लागतो तेव्हा मात्र सगळे तिचेच भाचे! लांबलचक शिंगांची पंढरपुरी म्हैस तर थेट पंढरीचंच नाव लावते. तरी तिच्या पाया पडायला कुणी रांग लावत नाही. कोल्हापुरात कट्ट्यावर डोळ्यांदेखत तिची धार काढतात. लोक फेसाळता पेला तोंडाला लावतात आणि पांढऱ्या मिशा पुसत, वैरणीच्या दराबद्दल अवाक्षर न काढता घरी जातात.

तिच्याच कुळातल्या रेड्याने पैठणला वेद म्हटल्याची कथा आहे, आळ्याला त्याची समाधीही आहे. पण त्यासाठी वेद म्हणावे लागले. नुसत्या पखाली वाहिल्या म्हणून कुणी समाधी बांधल्याचं ऐकिवात नाही.

परवा एका पाहुण्या ताईंनी गोठ्यात डोळे मिटून हात जोडले. म्हशीने शेपटी फिरवली, ती नेमकी त्यांच्या गालावर बसली.

‘‘आशीर्वाद मिळाला,’’ ताई गहिवरल्या.

‘‘माश्या चावत्यात तिला, ताई,’’ मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘जरा बाजूला व्हा, पाटी टाकायचीय.’’